भिंतीची पाठ

लोट्याहून चिपळूणकडे निघालं की थोड्याच वेळात परशुराम घाट लागतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात या घाटाचा डोंगर एका अंगाने कापला गेला आणि दुसऱ्या अंगाला, दरीकडे, भराव टाकून संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. २०२२ मध्ये कापणीच्या कामासाठी घाट दिवसातले काही तास बंद ठेवावा लागत होता. २०२४ च्या पावसाळ्यात दरीकडची भिंत कोसळली, भराव खाली गेला आणि नव्याकोऱ्या काँक्रीटच्या रस्त्याची चिंता सुरू झाली. मग तिथे जाळीच्या पेट्यांत दगड भरून गॅबियन भिंत बांधायला घेतली. एवढे इंजिनिअर, एवढी यंत्रं, आणि एक भिंत टिकवता येत नाही, असं टपरीवर चहा पिता पिता सगळेच म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या परसदारी तशीच एक भिंत असते. आठ-दहा फुटांची, पुढून गिलावा केलेली, वर लोखंडी ग्रील आणि त्यात जास्वंद. तिच्या मागे काय आहे हे घरात कोणाला ठाऊक नसतं. बांधली तेव्हा ती बाजू पाहायला कोणी गेलंच नव्हतं.

लोटे म्हणजे खेडची जगबुडी आणि चिपळूणची वाशिष्ठी यांच्या मधला उंचवटा. एमआयडीसी आली, रासायनिक कारखाने आले, महामार्ग रुंदावला आणि सपाट जागेला भाव आला. घाणेखुंट, आवाशी, धामणदेवी, पिरलोटे या बाजूंना भाड्याच्या खोल्या, चाळी, बंगले वाढत गेले आणि वाढता वाढता उताराला लागले. पूर्वी कोकणातलं घर उताराशी जमवून घ्यायचं. जोतं पुढून उंच, मागून बुटकं. अंगण एका पातळीवर, गोठा दुसऱ्या. आता आधी जेसीबी येतो. दोन दिवसांत डोंगराचा कोपरा कापून निघालेली माती पुढे लोटली की प्लॉट तयार. मागे उभा कापीव कडा, पुढे सैल भराव. दोन्हीकडे भिंत हवी आणि दोन्ही भिंतींचे स्वभाव वेगळे. तरी दोन्ही एकाच गवंड्याकडून, एकाच मापाने बांधल्या जातात.

आता पावसाकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पण भिंतीच्या दृष्टीने आकड्यापेक्षा नक्षत्र महत्त्वाचं. मृगाच्या पहिल्या सरींनी भिंती सहसा पडत नाहीत. तेव्हा जमीन पाणी पीत असते. आर्द्रा गेली, पुनर्वसूचा तरणा पाऊस गेला की जमिनीचं पोट भरतं, आणि मग येतो पुष्याचा म्हातारा पाऊस. खेड तालुक्यात पोसऱ्याच्या बौद्धवाडीवर दरड आली आणि १७ माणसं गेली ती २०२१ च्या जुलैत, २२ तारखेच्या त्या अतिवृष्टीत. चिपळूण बुडालं तेही तेव्हाच, आणि महाडच्या तळियेत ऐंशीच्या वर माणसं मातीखाली गेली तीही तेव्हाच. महाडजवळच्या जुई-दासगावच्या दरडी २५-२६ जुलै २००५ च्या. घाटावरचं माळीण ३० जुलै २०१४ चं. सगळा पुष्याचा पंधरवडा. या दरडी कोणाच्या घरामागच्या भिंतीमुळे आल्या नव्हत्या आणि अशा दरडीला आठ फुटी भिंत थोपवूही शकत नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. पण जमिनीत पाणी मुरून मुरून तुंबतं तेव्हा डोंगर काय करतो हे त्यांनी दाखवलं, आणि तेच छोट्या प्रमाणावर प्रत्येक भिंतीमागे होत असतं.

हिशेब सोपा आहे आणि तो एकदा कागदावर करून पाहावा. तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट उंचीची भिंत घ्या. मागे बऱ्यापैकी मुरमाड, कोरडी माती असेल तर तिचा रेटा दर धावत्या मीटरला अंदाजे २.७ टन. त्याच मातीत माथ्यापर्यंत पाणी तुंबलं की मातीचा स्वतःचा रेटा उलट कमी होतो, दीड टनावर येतो, कारण पाण्यात बुडलेली माती हलकी होते. मात्र पाण्याचा साडेचार टन त्यात मिळतो. बेरीज सहा टन. माती तीच आणि भिंत तीच, तरी रेटा दुपटीहून जास्त. आणि माती तरी घर्षणाने थोडी स्वतःला धरून असते. पाणी पूर्णच्या पूर्ण रेटतं. कोरड्या मातीसाठी बांधलेली भिंत पावसाळ्यात मुळात दुसरंच काम करत असते.

उंचीचं गणित याहून निर्दय आहे. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारी ताकद आठपट. म्हणून दहा फुटांच्या एका भिंतीपेक्षा पाच-पाच फुटांच्या दोन भिंती केव्हाही भल्या, मात्र दोन्हींच्या मध्ये खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं. नाहीतर वरचीचं ओझं खालचीच्या पाठीवर येतं. वरकस जमिनीत नाचणी-वरीसाठी बांध घालणाऱ्या माणसाला हे आकडे कोणी शिकवले नव्हते, पण त्याचे बांध कमरेच्या वर क्वचितच जात. आज मात्र मालकाला सपाट आणि सलग अंगण हवं असतं. चार गुंठ्यांतल्या अर्ध्या गुंठ्यासाठी तो उंचीचा हा सगळा भार विकत घेतो, आणि कोकणातल्या भिंती पडण्याचं माझ्या मते हे पहिलं कारण आहे. सिमेंटचा दोष नंतरचा.

मातीचा रेटा मोजण्याचं शास्त्रही पावसाच्या प्रदेशातून आलं. शार्ल कूलोम हा फ्रेंच लष्करी अभियंता १७६४ ते १७७२ या काळात कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधत होता. तिथून परतल्यावर १७७३ मध्ये त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे जो निबंध मांडला, त्यावर संरक्षक भिंतीचं गणित अजूनही उभं आहे. विजेच्या धड्यात भेटणारा कूलोम तो हाच.

लोट्याच्या जमिनीची एक खोड मात्र लक्षात ठेवायलाच हवी. वर जांभा, त्याखाली बऱ्याच ठिकाणी पिवळट-पांढरी-गुलाबी मऊ चिकण माती, आणि त्याखाली काळा दगड. जांभ्याला छिद्रं असतात, त्यातून पाणी सहज उतरतं. खालच्या चिकण मातीवर ते अडतं आणि आडवं वाहू लागतं. हा सांधा जिथे उघडा पडतो तिथे जुलैत उमाळे फुटतात. जेसीबीने कापलेला कडा नेमका या सांध्याच्या खाली गेला असेल तर पावसाळाभर भिंतीच्या पाठीत झरा वाहणार. मे महिन्यात हे दिसत नाही. कडा तेव्हा विटेसारखा लालभडक, टणक, आणि मालक म्हणतो, ‘कातळच आहे, भिंत कशाला?’ जागा विकत घेणाऱ्याने ती एकदा जुलैअखेर पाहावी, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मे प्रश्न बांधण्याआधी सुटतील. आणि कापीव कड्यात मऊ पिवळा थर दिसला तर गवंड्याच्या आधी इंजिनिअरला बोलवावं.

भिंतींचे प्रकार तसे चारच, आणि चौघांनाही आपल्या भागात जागा आहे.

सगळ्यात जुना गडगा. काळ्या दगडाचा किंवा जांभ्याच्या डबराचा, चुना-सिमेंटशिवाय रचलेला. तळाला रुंद, वर निमुळता, झोक आत डोंगराकडे. मध्येमध्ये आरपार जाणारा लांब दगड, फटींत चिपा. पाणी त्याच्या अंगातून कुठूनही बाहेर पडतं, म्हणून त्याला पाण्याचा रेटा असा सोसावाच लागत नाही. जमीन थोडी खचली तर तो थोडा खचतो आणि पुन्हा बसतो. युनेस्कोने २०१८ मध्ये युरोपातल्या आठ देशांची ही बिनगाऱ्याची दगडरचना मानवी वारशाच्या यादीत घेतली, आणि आपल्या भारतीय मानकांतही तिला मान आहे: डोंगराळ भागातल्या संरक्षक भिंतींवरच्या आयएस १४४५८ या मानकाचा अख्खा तिसरा भाग कोरड्या दगडी भिंतींवर आहे. तरी गडगा सांगितला की नव्या घरमालकाचं तोंड वाकडं होतं, कारण त्याला तो गुरांसाठीचा वाटतो. खरी अडचण वेगळी आहे. चांगला गडगा रचणारे हात कमी झाले. आज गडगा म्हणून जे उभं राहतं ते बऱ्याचदा पुढून एक रांग नीट लावलेली आणि मागे नुसता भरलेला डबर. ते पहिल्याच मोठ्या पावसात पोट काढतं.

दुसरी चिऱ्याची भिंत. चिरा हा आपला घरचा दगड, खाणीतून निघताना मऊ आणि हवा लागली की कडक होणारा. घराच्या भिंतीला त्याला तोड नाही. मातीचा रेटा सोसायला मात्र तो फार भरवशाचा नाही, कारण ओला चिरा कोरड्याइतका ताकदवान राहत नाही आणि खाणीखाणीत फरक असतो. त्यात आपण त्याला सिमेंटमध्ये बसवून दरजा भरतो, म्हणजे गडग्याचा पाणी सोडण्याचा गुण काढून घेतो आणि काँक्रीटची ताकद तर त्याला देत नाही. छातीएवढ्या उंचीपर्यंत, तळाशी उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंदी ठेवून आणि पाणी जायला वाट ठेवून चिरा ठीक आहे. नऊ इंचाच्या एकेरी चिऱ्याची सात फुटी भिंत ही कंपाउंडची भिंत असते. तिच्या पाठीला भराव टाकला म्हणून ती संरक्षक होत नाही.

तिसरी आरसीसी. लोट्यात प्रतिष्ठा हिचीच. नीट बांधली तर उत्तम, पण हिच्या चुका गिलाव्याखाली झाकल्या जातात. एकच सांगतो. भिंतीला मागून माती रेटते तेव्हा भिंत पुढे वाकू पाहते, म्हणून ताण येतो तो मातीकडच्या अंगाला. मुख्य सळया तिकडे हव्यात आणि त्यांच्यावर मातीच्या बाजूने निदान ५० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं. पुष्कळ ठिकाणी जाळी एकच बांधतात आणि ती असते मधोमध, नाहीतर दर्शनी बाजूला. दुसरी चूक पायाची. इंग्रजी एल अक्षरासारख्या भिंतीचा तळ मागे, मातीखाली जायला हवा, म्हणजे वरच्या मातीचं वजनच भिंतीला दाबून धरतं. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत लागते. ती द्यायची तर डोंगर आणखी कापावा लागतो, किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत शिरावं लागतं. मग तळ आखडतो आणि वरची भिंत जाड होते. जाड भिंत बघायला भक्कम दिसते, एवढंच.

चौथी गॅबियन. पाणी सोडते, थोडी हलली तरी तुटत नाही, आणि अवघड जागी लवकर उभी राहते. पण पेटीतला दगड हाताने रचायचा असतो. ट्रॉलीतून ओतायचा नसतो. मागे गाळणी कापड नसेल तर मातीचे बारीक कण वाहून जातात आणि वरच्या अंगणात खड्डा पडतो. खालची जमीनच घसरणारी असेल तर गॅबियनही तिच्याबरोबर जाते. घरासाठी हिचा विचार फारसा कोणी करत नाही. करायला हवा, विशेषतः पऱ्याच्या कडेला.

चारांपैकी कोणतीही घ्या, तिचं आयुष्य ठरतं पाठीच्या फूटभर जाडीत. तिथे खडी हवी, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्सटाइलचं कापड हवं, तळाला भोकं पाडलेला पाइप ढाळ देऊन पऱ्याकडे काढलेला हवा, आणि माथ्याला चिकण मातीचा थर हवा म्हणजे वरचं पाणी थेट खाली उतरणार नाही. याला येणारा खर्च भिंतीच्या मानाने लहान असतो. पण बिल होतं ब्रासवर आणि फुटावर, दिसणाऱ्या भिंतीचं. मागची खडी ठेकेदार का घालेल? कापून निघालेली लाल माती जागेवरच पडलेली असते, ती मागे लोटली की कामही संपतं आणि माती उचलण्याचं भाडंही वाचतं. भिंतीतून पाइपचे तुकडे डोकावत असतात खरे, पण त्यांच्यात काडी घालून पाहा. कित्येकांत ती चार बोटं जाऊन अडते. काँक्रीट ओतताना आत सिमेंटचं पाणी गेलेलं असतं, नाहीतर पाइप भिंतीच्या जाडीइतका लांबच नसतो. काहींचा ढाळ उलटा, आतल्या बाजूला असतो. लाल मातीचे ओघळ असलेला पाइप पाहून काही जण नाक मुरडतात. पण जुलैत ज्याच्या तोंडाखाली ओलसुद्धा दिसत नाही, पांढरा स्वच्छ राहिलेला तो पाइप, काळजी त्याची करावी.

जपानने हे मालकाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. १९६१ च्या जूनमध्ये तिथे अतिवृष्टीने नव्या वसाहतींचे उतार घसरले आणि त्याच वर्षी घरांसाठी जमीन सपाट करण्यावर कायदा आला. भिंतीच्या दर तीन चौरस मीटरला निदान एक भोक, आतला व्यास ७.५ सेंटिमीटर, आणि मागे गाळणीचा थर, असं तिथल्या नियमांत मापासकट लिहिलं आहे. ३ जुलै २०२१ ला अतामी शहरात टाकलेला भराव घसरून वस्तीवर आला, तेव्हा त्यांनी कायदा पुन्हा कडक केला. मे २०२३ पासून तो लागू आहे. आपल्याकडे घराच्या परवानगीच्या नकाशात भिंत बहुधा एका रेघेत संपते.

या रेघेची किंमत कोण देतं, हे २०१९ ने दाखवलं. २९ जूनला पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ गेले. २ जुलैला आंबेगावात एका शिक्षणसंस्थेची भिंत मजुरांवर पडली, सहा गेले. त्याच पहाटे मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर आली आणि तीसच्या आसपास माणसं गेली. तिन्ही ठिकाणी भिंत वरच्याची होती आणि मेले ते खाली राहणारे. लोट्याच्या उतारावरही वर बंगला आणि खाली भाड्याच्या खोल्या हे दृश्य नवीन नाही. भिंतीचा खर्च वरचा करतो, जोखीम खालचा सोसतो, आणि भिंत कशी बांधावी यात खालच्याला कोणी विचारत नाही. बाजारावर सोडून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. सहा फुटांच्या वरच्या भिंतीला इंजिनिअरची सही आणि भराव टाकण्यापूर्वी पाठीचे फोटो, एवढी अट ग्रामपंचायत किंवा प्राधिकरण घालू शकलं तरी पुष्कळ.

पाणी फक्त आभाळातून येत नाही, हे मात्र आपण फारच विसरतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत असा दिवस लोट्याला काही विशेष नाही, तर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी पन्हळीतून उतरतं. ते जातं कुठे? घर आणि मागची भिंत यांच्यामधल्या बोळात. शोषखड्डाही बहुतेक मागेच असतो. भिंतीच्या वरच्या अंगाला असला तर तो बाराही महिने तिच्या पाठीत पाणी सोडतो. हाँगकाँगमध्ये २३ जुलै १९९४ ला क्वुन लुंग लाऊ या वसाहतीची जुनी दगडी भिंत पडून पाच जण गेले. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या: भिंत समजली जात होती त्याहून पातळ होती, आणि तिच्यामागे जमिनीत गाडलेल्या सांडपाण्याच्या व पावसाच्या नळांना गळती होती. हाँगकाँगला १९७२ आणि १९७६ च्या दरडींनी आधीच हादरवलं होतं, त्यातून १९७७ मध्ये उतारांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय निघालं. आज तिथल्या साठ हजारांच्या आसपास मानवनिर्मित उतारांची नोंद आहे, उताराउताराला क्रमांकाची पाटी आहे आणि देखभाल कोणाची हेही ठरलेलं आहे.

कोकण रेल्वेने हा धडा कोकणातच घेतला. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ कटिंगमधली दरड रुळावर आली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावरून घसरली. त्यानंतर कटिंगचे उतार सौम्य केले गेले, जाळ्या-भिंती आल्या, पावसाळी गस्त आणि कमी वेगाचं वेळापत्रक आलं. घराला यातलं घेण्यासारखं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे वरचा चर: कड्याच्या माथ्यापासून थोडं मागे, वरून येणारं पाणी अडवून बाजूला नेणारा. फावड्याने होतो. दरवर्षी साफ मात्र करावा लागतो, आणि पाणी शेजाऱ्याच्या माथी सोडायचं नाही, पऱ्यापर्यंत न्यायचं.

झाडांबद्दल दोन मतं ऐकू येतात. वाळा लावावा; आपलंच गवत, मुळं सरळ तीन मीटरपर्यंत खाली जातात, आणि उतार धरून ठेवायला त्याचा वापर जगभर झाला आहे. पण वाळा भिंतीला पर्याय नाही; त्याने माथा आणि उताराची कातडी टिकते. भिंतीच्या सांध्यात उगवलेला वड-पिंपळ मात्र बोटाएवढा असतानाच काढावा. माथ्यावर चार फुटांत नारळ लावायची हौसही आवरावी.

मे महिन्यात एक फेरी पुरते. पाइपांतून सळई घालून ते मोकळे करावेत. माथ्यावरून ओळंबा सोडून भिंत किती पुढे आली ते मोजावं आणि आकडा भिंतीवरच तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी तोच उपयोगी पडतो. तड्याच्या दोन्ही टोकांना खुणा कराव्यात. आडवा तडा उभ्या तड्यापेक्षा वाईट. माथ्यालगतच्या अंगणात भिंतीला समांतर भेग दिसली तर ती सिमेंटने लिंपून समाधान मानू नये, कारण ती फरशीची भेग नसते. आणि भरावावर लगेच भिंत-फरशी करण्याऐवजी त्याला एक पावसाळा खाऊ द्यावा, हे जुन्या गवंड्यांचं म्हणणं थर-थर रोलर फिरवून न दाबलेल्या, नुसत्या लोटलेल्या भरावासाठी खरं आहे.

जुलैच्या रात्री पाहायच्या खुणा तीन. पाइपातून येणारं नितळ पाणी गढूळ होऊ लागलं, मागच्या खोलीचं दार चौकटीत अडकू लागलं, किंवा धो धो वाहणारा पाइप भर पावसात एकाएकी थांबला. तिसरी खूण बघून लोकांना बरं वाटतं, पण पाणी तेव्हा आत तुंबलेलं असतं. यातलं एकही दिसलं तर भिंतीकडच्या खोलीत झोपू नये आणि खालच्या घरातल्यांना लगेच उठवून बाहेर काढावं.